एका दाढेसाठी दोन दातांचा बळी कशाला?

समोरचा दात पडला तर माणूस दुसऱ्याच दिवशी दंतवैद्याकडे धाव घेतो. चारचौघांत हसायचे कसे, ही चिंता असते. दाढ गेली तर मात्र वर्ष, दोन वर्षे, कधी दहा वर्षेही तशीच निघून जातात. ठणका थांबलेला असतो, फट कुणाला दिसत नाही आणि दुसऱ्या बाजूने चावायची सवय लागलेली असते. घरखर्चाच्या यादीत दाढेचा नंबर मुलांच्या फीनंतर, आईवडिलांच्या औषधांनंतर आणि लग्नसराईतल्या आहेरांनंतर लागतो. मग कधीतरी भाकरी चावताना त्रास होऊ लागतो, शेंगदाण्यांऐवजी त्यांचे कूट बरे वाटू लागते आणि पुन्हा दवाखान्याची पायरी चढावी लागते. तिथे बहुतेकदा एक वाक्य ऐकू येते, ‘ब्रिज करावा लागेल, त्यासाठी शेजारचे दोन दात घासावे लागतील.’

त्या दोन दातांचा दोष काय, असा प्रश्न पेशंट क्वचितच विचारतो. खरे तर तोच आधी विचारायला हवा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सिरॅमिक आणि दाताला चिकटणारी सिमेंटे या दोन्हींत मोठी सुधारणा झाली आहे. त्यामुळे काही पेशंटच्या बाबतीत शेजारचे दात अगदी थोडे घासून, त्यांना चिकटून बसणारा ब्रिज करता येतो. मात्र तो सगळ्यांना चालत नाही. जिथे चालत नाही तिथे हट्टाने बसवला, तर थोड्याच काळात सुटून हातात येतो. म्हणून त्याची बाजू आणि मर्यादा दोन्ही समजून घेणे गरजेचे आहे.

रिकामी जागा तशीच राहत नाही

कायमच्या दाढांपैकी सर्वांत आधी बळी जाते ती बहुधा पहिली दाढ. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्या जागी आधी दुधाचा दात नसतो, त्यामुळे कुठलाही दात न पडता ती गुपचूप येते. अनेक आईवडिलांना ती दुधाचीच वाटते. तिला कीड लागली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून दुर्लक्ष होते. पंचविशी-तिशीत तिचा ठणका असह्य होतो, रूट कॅनालचा खर्च आणि फेऱ्या परवडत नाहीत आणि ‘काढूनच टाका’ असा निर्णय होतो.

दाढ काढल्यावर तोंडातला हिशेब बदलू लागतो. मागची दाढ हळूहळू पुढे कलते. समोरच्या जबड्यातल्या दाताला टेकायला काही उरत नाही, म्हणून तो फटीच्या दिशेने लांबत जातो. कललेल्या दाताखाली अन्न साचते, काडी घालून ते काढण्याची सवय लागते, हिरडी सुजते आणि त्याच दाताला मुळाजवळ कीड लागते. प्रत्येकाच्या तोंडात हे सारख्या वेगाने घडत नाही. काहींचे दात वर्षानुवर्षे जागच्या जागी राहतात. पण दात सरकले, की पुढे ब्रिज बसवायला पुरेशी जागाच मिळत नाही, आणि कमी घासण्याचे पर्याय सर्वांत आधी हातचे जातात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रत्येक फट भरलीच पाहिजे असे नाही. नेदरलँडमधल्या नायमेगेन इथल्या केसर या दंतवैद्याने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की, पुढचे दात आणि उपदाढा शाबूत असतील तर शेवटच्या दाढांशिवायही अनेक जण समाधानाने चावू शकतात. त्यामुळे सर्वांत मागची दाढ गेली असेल, चावायला अडचण नसेल आणि दात सरकत नसतील, तर काहीही न करता दर सहा महिन्यांनी तपासणी करणे हाही उपचारच आहे.

आजवरचे तीन मार्ग

फट भरायचीच ठरली तर तीन मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. पहिला, काढघाल करण्याची छोटी कवळी. ती स्वस्त असते आणि तिच्यासाठी दात फारसे घासावे लागत नाहीत. पण ती हलते, तिच्याखाली तीळ किंवा अळीव गेला की जेवण थांबवावे लागते आणि एकाच दाढेसाठी ती वापरण्याचा कंटाळा येऊन पुष्कळ जण ती डबीत ठेवून देतात.

दुसरा मार्ग इम्प्लांटचा. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात उभा केला जातो. शेजारच्या दातांना हातही लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्यासाठी पुरेसे हाड लागते, छोटी शस्त्रक्रिया करावी लागते, बहुतेकदा काही महिने थांबावे लागते आणि खर्च अनेकांच्या आवाक्याबाहेर जातो.

तिसरा मार्ग पारंपरिक ब्रिजचा. फटीच्या दोन्ही बाजूंचे दात चारही अंगांनी आणि वरून घासून लहान केले जातात. त्यांच्यावर टोप्या बसतात आणि दोन टोप्यांच्या मध्ये खोटा दात जोडलेला असतो. हा ब्रिज भक्कम असतो आणि नीट केला तर अनेक वर्षे टिकतो. मात्र त्याची किंमत शेजारचे दात मोजतात. एडेलहॉफ आणि सोरेनसेन या दोघांनी २००२ साली मागच्या दातांवर मोजमाप करून दाखवले की, पूर्ण टोपीसाठी दाताच्या हिरडीवरच्या भागापैकी सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग घासून जातो. दातात छोटा खाचा करून बसवायच्या भरणीसाठी, म्हणजे इनलेसाठी, हेच प्रमाण साधारण साडेपाच ते २७ टक्के होते.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण इनॅमल पुन्हा तयार होत नाही. हाड मोडले तर जुळते, कातडी खरचटली तर भरून येते. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी मात्र दात तोंडात उगवण्याच्या सुमारासच नाहीशा होतात. त्यानंतर गेलेले इनॅमल कायमचे गेले. ते काढले की खालचे मऊ डेंटिन उघडे पडते आणि त्यातल्या सूक्ष्म नळ्या थेट दाताच्या जिवंत गराकडे जातात. टोपीसाठी घासलेल्या काही दातांचा गर पुढे काही वर्षांनी मरतो आणि ज्या दाताला कधी कीडही नव्हती त्याचे रूट कॅनाल करावे लागते.

शेजारचे दात आधीच मोठ्या भरणीचे, तुटलेले किंवा रूट कॅनाल झालेले असतील, तर गणित वेगळे होते. अशा दातांना टोपीची गरज असतेच. तिथे पारंपरिक ब्रिज हा योग्य उपाय ठरतो. प्रश्न आहे तो धडधाकट दातांचा.

चिकटवण्याचे शास्त्र

दाताला एखादी वस्तू नुसती चिकटवून भागेल का, याचे उत्तर १९५५ साली अमेरिकेतल्या रोचेस्टर इथे मिळाले. मायकेल बुओनोकोर यांनी इनॅमलवर फॉस्फोरिक ॲसिड अर्धा मिनिट ठेवले. पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खडबडीत झाला आणि त्या खाचखळग्यांत शिरून प्लॅस्टिकची भरणी पक्की धरून बसली. आजच्या दातांच्या रंगाच्या भरण्यांचे मूळ या प्रयोगात आहे.

१९७३ साली फ्रान्समधील रोशेट यांनी भोके पाडलेली धातूची पातळ पट्टी दातांच्या मागच्या बाजूने चिकटवली. पुढे मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी धातूचा पृष्ठभाग विजेच्या साहाय्याने खरवडून पकड वाढवली. म्हणून या प्रकाराला आजही ‘मेरीलँड ब्रिज’ म्हणतात. कल्पना चांगली होती. पण धातूचे पंख दातातून काळसर झाकत आणि ब्रिज बऱ्याचदा सुटत. विशेषतः दोन्ही बाजूंना पंख असताना एकच सुटला तर ब्रिज जागेवरच राहतो, पेशंटला कळत नाही आणि सुटलेल्या पंखाखाली कीड आरामात वाढते.

धातूची जागा सिरॅमिकने घेतल्यावर चित्र पालटले. सिरॅमिक म्हटले की चहाचा कप डोळ्यांसमोर येतो, पण इथे वापरायचे पदार्थ वेगळे असतात. त्यातले दोन मुख्य. एक लिथियम डायसिलिकेट. ही काचेच्या जातीची सिरॅमिक असते. दिसायला अगदी दातासारखी, ॲसिडने खरवडता येणारी आणि म्हणून उत्तम चिकटणारी. पण दाढेवर लटकत्या खोट्या दाताचा भार पेलण्याइतकी ती बळकट नसते. तिचे ब्रिज साधारणपणे उपदाढेपर्यंतच करावेत असा संकेत आहे.

दुसरी झिरकोनिया, म्हणजे झिरकोनियम या धातूचा ऑक्साइड. त्यात थोडा इट्रियम ऑक्साइड मिसळलेला असतो. तिचे वाकण्याच्या ताणाला तोंड देण्याचे बळ लिथियम डायसिलिकेटच्या दुप्पट-अडीचपट असते. तिच्यात तडा पुढे सरकू लागला, की तड्याच्या टोकाजवळचे स्फटिक रूप बदलून किंचित फुगतात आणि तडा दाबून धरतात. १९७५ साली ‘नेचर’ या शोधपत्रिकेत तिचे वर्णन ‘सिरॅमिकचे पोलाद’ अशा शब्दांत, प्रश्नचिन्हासह, झाले होते. संगणकावर आखलेला ब्रिज झिरकोनियाच्या खडूसारख्या ठोकळ्यातून मुद्दाम सुमारे पाव पट मोठा कोरतात. मग तो सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजला की आक्रसून नेमक्या मापाचा होतो.

झिरकोनियाची अडचण अशी की ॲसिडचा तिच्यावर परिणाम होत नाही. म्हणून बारीक ॲल्युमिना पावडरचा फवारा मारून तिचा पृष्ठभाग खडबडीत करतात आणि एमडीपी हा रेणू असलेले द्रव्य लावतात. हा रेणू एका टोकाने झिरकोनियाला आणि दुसऱ्या टोकाने सिमेंटला धरतो. ही पायरी गाळली तर उरलेली सारी मेहनत वाया जाते.

किती टिकतात?

या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यात जर्मनीतल्या कील विद्यापीठाचे, विशेषतः मथियास केर्न यांच्या गटाचे, काम महत्त्वाचे आहे. समोरच्या दातांसाठी त्यांनी झिरकोनियाचा एकाच पंखाचा ब्रिज वापरला. एकाच शेजाऱ्याला चिकटणारा हा दात दहा वर्षांनीही शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक पेशंटच्या तोंडात टिकून होता.

मागच्या दातांची गोष्ट इतकी सरळ नाही. समोरचा दात कुरतडतो, दाढ दळते. पहिल्या दाढेवर जोराने चावल्यास पडणारा भार धडधाकट माणसात ५० किलोच्या घरात किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. शिवाय दाढा चावताना आडव्या सरकतात. याच कील विद्यापीठात लिथियम डायसिलिकेटचे, दोन्ही शेजारच्या दातांत छोट्या खाचा करून बसवलेले ब्रिज आठ वर्षे तपासले गेले, तेव्हा निम्म्याहून जास्त निकामी झालेले आढळले. हायडेलबर्ग इथल्या अभ्यासात झिरकोनियावर पोर्सेलिनचा थर दिलेल्या तशाच ब्रिजचे दहा वर्षांनंतरचे निकाल फारच निराशाजनक आले. काही ब्रिज सुटले, काहींवरचा पोर्सेलिनचा थर निघाला.

अपयशातून रचना बदलली. कील इथे झिरकोनियाच्या ब्रिजला खाचेत बसणाऱ्या भागाबरोबरच दाताच्या आतल्या बाजूने, इनॅमलवर चिकटणारे पातळ पंख जोडण्यात आले. त्यामुळे चिकटण्याचे क्षेत्र वाढले आणि चावताना ब्रिज वळण्याची ओढ कमी झाली. अशा ३० ब्रिजच्या अभ्यासात पाच वर्षांनी सुमारे ९५ टक्के टिकून होते. निकाल आशादायक आहे. पण ब्रिजची संख्या लहान आहे आणि पाच वर्षे हा दाढेच्या आयुष्यातला फार मोठा काळ नाही. म्हणून ‘घासायचे नाही, चिकटवले की झाले, आयुष्यभराची निश्चिंती’ अशी जाहिरात दिसली तर सावध व्हावे.

एक गोष्ट मात्र या ब्रिजच्या बाजूने नेहमी उभी राहते. तो सुटला तर बऱ्याचदा दात शाबूत असतो. ब्रिज पुन्हा चिकटवता येतो, किंवा पुढे इम्प्लांट अथवा पारंपरिक ब्रिज करता येतो. पारंपरिक ब्रिज निकामी होतो तेव्हा कधी कधी आधाराचा दातही सोबत जातो आणि एका दाढेची फट दोन दातांची होते.

कुणाला चालेल, कुणाला नाही

फट एकाच दाताची असावी, आणि ती जितकी अरुंद तितके चांगले. उपदाढ गेली असेल तर परिस्थिती अधिक अनुकूल असते. दोन्ही शेजारी घट्ट असावेत आणि त्यांच्यावर भरपूर निरोगी इनॅमल असावे. दाताची हिरडीवरची उंचीही पुरेशी लागते, कारण दाढेच्या तीन दातांच्या झिरकोनिया ब्रिजमध्ये खोटा दात जिथे शेजाऱ्याला जोडला जातो तो सांधा साधारण नऊ चौरस मिलिमीटरचा तरी असावा लागतो. समोरचा दात फटीत लांबलेला असेल तर एवढी जाडी ठेवायला जागा उरत नाही.

रात्री दात खाणाऱ्यांना हा ब्रिज सहसा सुचवला जात नाही. सतत सुपारी चघळणाऱ्यांचे आणि मिश्री घासणाऱ्यांचे दात झिजलेले असतात. गुटखा-सुपारीमुळे ज्यांचे तोंड दोन बोटांपुरतेच उघडते त्यांच्या मागच्या दाढेपर्यंत रबराचा पडदा आणि हत्यारे नीट पोहोचत नाहीत. त्यांच्यासाठी तोंड न उघडणे हाच आधी उपचार करण्याजोगा आजार आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडसारख्या जिल्ह्यांतल्या काही गावांत पाण्यातील जास्त फ्लोराइडमुळे दात पिवळे-तपकिरी पडतात. अशा इनॅमलवर सिमेंटची पकड कमी पडू शकते, हेही दंतवैद्याने लक्षात घ्यावे लागते.

उलट काही आजारांत हा ब्रिज विशेष उपयोगी पडतो. हाडे ठिसूळ होण्यावर किंवा कर्करोग हाडात पसरल्यावर दिल्या जाणाऱ्या काही इंजेक्शनांनंतर जबड्याच्या हाडावर शस्त्रक्रिया केल्यास जखम न भरण्याचा धोका असतो. तिथे हाडाला न छेडता भरलेली फट ही मोठी सोय ठरते. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनाही शस्त्रक्रिया टळल्याचा फायदा होतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणणे आणि हिरड्या बऱ्या करणे हे कुठल्याही ब्रिजच्या आधी. अशी औषधे चालू असतील तर दंतवैद्याला चिठ्ठी दाखवावी. कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

बसवण्याचा दिवस आणि नंतर

चिकटवताना दात पूर्ण कोरडा असणे अत्यावश्यक आहे. लाळेचा थेंब किंवा हिरडीतले रक्त लागले तरी पकड बिघडते. म्हणून दातांभोवती रबराचा पडदा बांधतात. आधी हिरड्यांची सफाई करून सूज उतरू द्यावी लागते. घाईने एकाच बैठकीत उरकण्याचे हे काम नाही.

ब्रिज बसल्यावर खोट्या दाताखालची जागा रोज साफ करावी लागते. साधा ब्रश तिथे पोहोचत नाही. त्यासाठी बारीक गोल ब्रश किंवा ब्रिजखालून ओवता येणारा दोरा मिळतो. रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे त्यावर घालवावीत. बर्फ, अडकित्त्याने न फुटणारी सुपारी, उसाचे कांडे, बाटलीचे झाकण यांपासून ब्रिजला दूर ठेवावे. चावताना टकटक जाणवली, दोरा नेहमीपेक्षा वेगळा अडकू लागला किंवा तिथून दुर्गंधी येऊ लागली तर दुखण्याची वाट न पाहता दाखवावे. ब्रिज सुटून हातात आला तर धुऊन डबीत ठेवून दवाखान्यात न्यावा. बाजारातल्या झटपट गोंदाने घरी चिकटवू नये. एकदा तसे केले की तो दाताला पुन्हा नीट जोडणे अवघड होते.

खर्चाचा मुद्दा उरतोच. झिरकोनियाचे काम संगणक, यंत्र आणि कुशल तंत्रज्ञ यांवर अवलंबून असते, त्यामुळे ते धातूच्या ब्रिजपेक्षा महाग पडते. सरकारी दंत महाविद्यालयांत कवळी, रूट कॅनाल आणि ब्रिजचे उपचार खासगीपेक्षा पुष्कळ कमी दरात होतात. फेऱ्या जास्त होतात, पण तिथे सल्ला तरी जरूर घ्यावा. आणि दाढ अजून तोंडात असेल, किडलेली पण वाचण्याजोगी असेल, तर ती वाचवणे हे कुठल्याही ब्रिजपेक्षा स्वस्त आणि चांगले.

दात घासायला सुरुवात होण्यापूर्वी चार प्रश्न विचारायला कुणी संकोच करू नये. ही फट भरायची खरोखर गरज आहे का? शेजारच्या दातांचा किती भाग जाणार आहे? माझ्या तोंडात कमी घासण्याचा पर्याय चालेल का, आणि चालत नसेल तर का नाही? ब्रिज निकामी झाला तर पुढचा मार्ग कोणता उरेल? चांगला दंतवैद्य या प्रश्नांनी रागावत नाही. तो आरसा हातात देऊन दात दाखवतो आणि समजावून सांगतो. उत्तरे मिळेपर्यंत यंत्र सुरू करण्याची कुणालाच घाई नसावी. फटीला वर्ष झाले असेल तर अजून आठ दिवसांनी काही बिघडत नाही, पण घासलेले इनॅमल मात्र परत आणता येत नाही.